तेराव्या वर्षी थांबलेला खेळ

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या राजधानीला लागून असलेल्या पोर्ट ॲडलेड या बंदराच्या वस्तीत ज्या फुटबॉल संघाविषयीची निष्ठा घराघरांतून वारशाने चालत येते, त्या संघाच्या अजिंक्यपदांपैकी आठांमध्ये ज्यांचा प्रत्यक्ष सहभाग होता, त्या ग्रेग फिलिप्स यांच्या घरी १९८५ साली एरिन ही कन्या जन्मली, आणि वडिलांचा खेळ या मुलीच्या अंगात पुरेपूर उतरला. तेराव्या वर्षापर्यंत ती मुलांच्या संघांतून, मुलांच्या बरोबरीने खेळली. त्यापुढे तिला रस्ता नव्हता. कारण त्या वयानंतर मुलींनी मुलांच्या संघात राहावे अशी सोय नव्हती, आणि केवळ मुलींसाठी म्हणून, जिच्या टोकाला काही मानमरातब, काही उपजीविका दिसावी अशी दुसरी वाट त्या काळी कोणी बांधलेलीच नव्हती. तिने बास्केटबॉल हाती घेतला आणि त्यात असे यश मिळवले की एखाद्या आयुष्याचे त्यावर सहज सार्थक व्हावे: २००६ साली ऑस्ट्रेलियाकडून विश्वविजेतेपद, अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक स्पर्धेत २०१२ साली इंडियाना संघाबरोबर आणि २०१४ साली फिनिक्स संघाबरोबर अजिंक्यपद, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये देशाचे प्रतिनिधित्व. आणि एवढे सारे झाल्यावर, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, दोन लेकरांची आई असलेली ही स्त्री, लहानपणी जो चेंडू खाली ठेवावा लागला होता तो पुन्हा उचलण्यासाठी ॲडलेडच्या मैदानावर येऊन उभी राहिली.

ॲडलेड क्रोज या क्लबाच्या महिला संघाचे पहिले काही हंगाम विजयांच्या आणि चषकांच्या हिशोबाने सांगता येतात आणि तो हिशोब मोठा दिमाखदार आहे. परंतु मला त्यात विशेष वाटते ते हे की, त्या संघातील बहुतेकींच्या आयुष्यात असा एक खंड पडलेला होता. कोणाचा खेळ तेराव्या वर्षी थांबला होता, कोणाचा अंतराने अडवला होता, कोणी पोटाच्या उद्योगामागे उरल्या संध्याकाळी तो जिवंत ठेवला होता. इतकी वर्षे इतस्ततः साचून राहिलेले हे कौशल्य २०१७ च्या उन्हाळ्यात एका ठिकाणी आले तेव्हा काय घडले, आणि ते घडवून आणण्याची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासारखे आहे.

आधी खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हणजे आपल्याकडील फुटबॉलही नव्हे आणि रग्बीही नव्हे. १८५९ साली मेलबर्नमध्ये टॉम विल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या खेळाचे पहिले नियम लिहून काढले. विल्स हा मुळात क्रिकेटचा गाजलेला खेळाडू, आणि हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुस्तावू नये हा हेतू त्याच्या मनात होता. त्यामुळेच हा खेळ आजही क्रिकेटच्याच लंबवर्तुळाकार, विस्तीर्ण मैदानावर खेळला जातो. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात, मधले दोन उंच आणि कडेचे दोन ठेंगणे. लांबट चेंडू पायाने मारून मधल्या खांबांमधून पार केला तर सहा गुण, आणि तो मधल्या व कडेच्या खांबांमधून गेला किंवा मधल्या खांबाला लागला तर एक गुण, ज्याला बिहाइंड म्हणतात. चेंडू हाताने फेकण्यास मनाई आहे. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने तो सहकाऱ्याकडे ठोसायचा किंवा पायाने मारायचा. चेंडू घेऊन धावता येते, परंतु दर पंधरा मीटरच्या आत तो एकदा जमिनीला टेकवावा किंवा आपटावा लागतो. पंधरा मीटरहून लांबून आलेला पायाचा फटका कोणी अधांतरी झेलला, तर तो ‘मार्क’ ठरतो आणि झेलणाऱ्यास निर्वेध फटक्याचा हक्क मिळतो. या झेलासाठी प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यापर्यंत उसळी घेणारे खेळाडू पाहिले म्हणजे या खेळाचे भक्त त्यावर एवढे का लुब्ध असतात ते कळते. ऑफसाइडचा नियम नाही. चारी दिशांकडून धक्का येऊ शकतो, आणि अंगावर कोणतेही चिलखत नसते.

स्त्रियांनी हा खेळ प्रथमच २०१७ साली हाती घेतला असा कोणाचा समज असेल तर तो दूर केला पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली पर्थमध्ये एका मोठ्या दुकानातील स्त्री-कामगारांनी सामने खेळले. १९१८ साली बॅलरॅट येथील लुकास कंपनीच्या कापड-कारखान्यातील मुली, ज्यांची नोंद ‘लुकास गर्ल्स’ या नावाने इतिहासात राहिली आहे, मैदानात उतरल्या. १९२९ साली खुद्द ॲडलेड ओव्हलवर स्त्रियांचा सामना झाला. परंतु हे सामने बहुधा युद्धनिधीसाठी वा धर्मादाय कारणासाठी असत, आणि निधी जमला की मुलींनी घरी जावे हे गृहीत असे. स्त्रियांनी केवळ खेळ आवडतो म्हणून, दर आठवड्याला, रीतसर खेळावे यासाठी व्हिक्टोरियात १९८१ पर्यंत आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात १९९१ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या संघटना ज्यांनी चालवल्या त्यांनी पदरमोड करून गणवेश शिवले, महानगरपालिकांकडे मैदानासाठी अर्ज केले, आणि एक पिढी तयार केली. २०१३ साली मेलबर्नच्या भव्य क्रिकेट मैदानावर मेलबर्न आणि वेस्टर्न बुलडॉग्ज या दोन क्लबांच्या नावाने स्त्रियांचा प्रदर्शनीय सामना झाला, पुढे असे सामने वर्षानुवर्षे होत राहिले, आणि २०१५ साली असा एक सामना दूरचित्रवाणीवर दाखवला गेला तेव्हा तो पाहणारांच्या संख्येने पुरुषांच्या खेळाची सूत्रे हाती असलेल्या अधिकाऱ्यांच्या मनातील उरलासुरला संशय फेडला. जून २०१६ मध्ये आठ क्लबांना महिला संघाची सनद मिळाली. त्यात ॲडलेड होते. पोर्ट ॲडलेड नव्हते. एरिन फिलिप्सने वडिलांच्या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबाचा गणवेश अंगावर घेतला तो या कारणाने.

सनद मिळाली तिच्या अटी पाहण्यासारख्या होत्या. पुरुषांचा हंगाम हिवाळ्याचा. स्त्रियांना फेब्रुवारी-मार्च हे उन्हाळ्याचे दोन महिने देण्यात आले, जेव्हा मैदाने मोकळी असतात. सात साखळी सामने, आणि गुणतक्त्यातील पहिल्या दोन संघांत थेट अंतिम लढत. अठराऐवजी सोळा खेळाडू, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव, आणि किंचित लहान चेंडू. वेतनाचा करार सहा महिन्यांच्या मुदतीचा: निवडक अग्रगण्य खेळाडूंना सत्तावीस हजार डॉलर, आणि बहुसंख्य खेळाडूंना साडेआठ हजार, हाही आकडा खेळाडूंच्या संघटनेने आधीच्या त्याहून कमी प्रस्तावावर घासाघीस करून वाढवून घेतलेला. म्हणजे परिचारिका, शिक्षिका, शिपाई, विद्यार्थिनी अशा ज्या ज्या होत्या, त्यांनी आपापली नोकरी वा शिक्षण सांभाळून संध्याकाळी सराव करावा आणि शनिवार-रविवारी हजारो लोकांसमोर व्यावसायिक खेळाडूप्रमाणे खेळावे, अशी अपेक्षा होती. या अपेक्षेत अन्याय होता, हे मी स्पष्ट म्हणतो. आणि तरीही त्या खेळाडूंपैकी बहुतेकींना तो करार हातात पडला तेव्हा आनंदच झाला, यावरून त्यांनी किती काळ वाट पाहिली होती याची कल्पना येते.

ॲडलेडपुढे आणखी एक अडचण होती, आणि तीच पुढे त्या संघाची शोभा ठरली. दक्षिण ऑस्ट्रेलिया हा लोकसंख्येने लहान प्रांत. एकट्याच्या बळावर संघ उभा करणे कठीण. म्हणून क्लबाने उत्तरेकडील नॉर्दर्न टेरिटरीच्या फुटबॉल संघटनेशी हातमिळवणी केली, आणि संघाचा एक हिस्सा ॲडलेडमध्ये तर दुसरा हिस्सा डार्विनमध्ये अशी तजवीज झाली. या दोन शहरांमधील रस्ता सुमारे तीन हजार किलोमीटरचा आहे, आणि त्यातील बराचसा मरुभूमीतून जातो. एक शहर भूमध्य समुद्राकाठच्या गावासारख्या कोरड्या, निरभ्र उन्हाळ्याचे. दुसरे फेब्रुवारीत मान्सूनच्या धारांखाली भिजणारे, आपल्या कोकणाशी हवामानाने अधिक जवळचे. दोन तुकड्या आठवडाभर निरनिराळ्या ठिकाणी सराव करीत आणि सामन्याच्या सुमारास एकत्र येत. उपकर्णधार अँजेला फोली, तसेच ॲबी होम्स आणि स्टीव्ही-ली थॉम्पसन या उत्तरेकडच्या तुकडीतल्या. ज्या संघाच्या खेळाडूंना एकमेकींची चाल, एकमेकींचा डावा-उजवा पाय पाठ व्हायला हवा, तो संघ अर्धा-अर्धा दोन टोकांना राहून बांधला गेला, ही गोष्ट मला त्या वर्षीच्या कोणत्याही एका सामन्याहून अधिक थोर वाटते.

प्रशिक्षक होत्या बेक गोडार्ड. कॅनबेरा येथे संघराज्याच्या पोलीस दलात नोकरी करणाऱ्या या बाई आठ संघांच्या प्रशिक्षकांमध्ये ज्या दोनच स्त्रिया होत्या त्यांपैकी एक. एरिन फिलिप्सबरोबर चेल्सी रँडल ही संयुक्त कर्णधार. ती पश्चिम ऑस्ट्रेलियाची, चेंडूच्या मार्गात कोण येते आहे याचा विचार न करता त्याच्याकडे झेपावण्याबद्दल प्रसिद्ध. इबोनी मारिनॉफ ही नुकतीच शाळेतून बाहेर पडलेली मुलगी, जिने त्या वर्षी उदयोन्मुख खेळाडूचा पहिला पुरस्कार मिळवला, आणि जिचे प्रतिस्पर्ध्याला पकडून पाडण्याचे कसब पुढे अनेक वर्षे विक्रमांच्या वहीत नोंदले जात राहिले. आणि सारा पर्किन्स, मेलबर्नची, जिला अधिकृत निवडप्रक्रियेत एकाही क्लबाने घेतले नव्हते. खेळाडूने कसे दिसावे याविषयीच्या ठरीव साच्यात ती बसत नव्हती. ॲडलेडने मागाहून तिला बोलावून घेतले, तिने आघाडीवर उभे राहून गोलांवर गोल केले, आणि हंगामाच्या अखेरीस सर्व संघांतून निवडलेल्या मानाच्या संघात तिचे नाव झळकले. उंच, भक्कम देहाच्या, खेळावर मनापासून प्रेम करणाऱ्या या बाईच्या भोवती सामन्यानंतर लहान मुलींचा गराडा पडत असे. आपल्यासारखे कोणी तरी तिथे उभे आहे हे त्या मुलींना दिसले होते.

३ फेब्रुवारी २०१७ च्या शुक्रवारी संध्याकाळी मेलबर्नमधील प्रिन्सेस पार्कवर कार्लटन आणि कॉलिंगवूड यांच्यातील सामन्याने स्पर्धेचा आरंभ झाला. प्रवेश मोफत होता. चोवीस हजार पाचशे अडुसष्ट लोक आत शिरल्यावर दरवाजे बंद करावे लागले, आणि बाहेर उरलेल्या लोकांची क्षमा मागण्यास खुद्द संघटनेचे मुख्याधिकारी रस्त्यावर आले. दुसऱ्या दिवशी ॲडलेडच्या जुन्या थेबार्टन ओव्हलवर क्रोजने ग्रेटर वेस्टर्न सिडनीला छत्तीस गुणांनी हरवले. पाठोपाठ आणखी तीन विजय मिळाले. मग ब्रिस्बेनकडून आणि मेलबर्नकडून लागोपाठ दोन पराभव आले, दोन्ही अगदी थोड्या गुणांचे. आणि शेवटच्या फेरीत कॉलिंगवूडला त्यांच्याच मैदानावर नमवून ॲडलेड तक्त्यात दुसऱ्या स्थानी राहिले. मेलबर्ननेही तितकेच सामने जिंकले होते. मिळवलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या शेकडेवारीने निर्णय लागला.

अव्वल स्थानी होते ब्रिस्बेन, एकही सामना न हरलेले. नियमाप्रमाणे अंतिम सामना त्यांच्या मैदानावर व्हायचा. परंतु ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर नुकताच ॲडेल या गायिकेचा जलसा झाला होता, हिरवळीची नासाडी झाली होती, आणि सामना गोल्ड कोस्टला हलवावा लागला. पुरुषांचा सामना असता तर हिरवळीचा विचार आधी झाला असता, असे मला राहून राहून वाटते. २५ मार्च २०१७ रोजी, पंधरा हजारांहून अधिक प्रेक्षकांपुढे, ॲडलेडने चार गोल आणि अकरा बिहाइंड केले; ब्रिस्बेनने चार गोल आणि पाच बिहाइंड. पस्तीस विरुद्ध एकोणतीस. गोल दोघांचेही सारखेच. सहा गुणांचे ते अंतर केवळ त्या फटक्यांनी निर्माण केले जे मधल्या खांबांना चुकून कडेने गेले होते. या खेळाचा जाणकार या आकड्यांवरून सामना डोळ्यांपुढे उभा करू शकतो: ॲडलेड पुनःपुन्हा खांबांपर्यंत पोहोचते आहे, नेम किंचित ढळतो आहे, हुकलेल्या प्रत्येक संधीबरोबर प्रेक्षकांचा जीव वरखाली होतो आहे, आणि तरी चेंडू सतत त्याच टोकाला परत येतो आहे, कारण तो तेथे आणणारी माणसे थकत नाहीत. एरिन फिलिप्सने दोन गोल केले आणि सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे पदक मिळवले.

तीनच दिवसांनी झालेल्या समारंभात संपूर्ण स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही तिलाच जाहीर झाला, आणि व्यासपीठाकडे जाण्यापूर्वी तिने शेजारी बसलेल्या आपल्या पत्नीचे चुंबन घेतले. ऑस्ट्रेलियात समलिंगी विवाहाला त्या वेळी कायद्याची मान्यता नव्हती. त्यावरचे देशव्यापी मतदान त्याच वर्षाच्या उत्तरार्धात झाले आणि वर्ष संपता संपता कायदा बदलला. त्या एका क्षणाचा मतदानावर परिणाम झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु विख्यात फुटबॉलपटूची मुलगी, दोन मुलांची आई, देशातील सर्वोत्तम खेळाडू, आणि तिचे कुटुंब, हे सारे एका चौकटीत इतक्या सहजपणे दिसले की ज्यांनी ते पाहिले त्यांपैकी अनेकांच्या ते स्मरणात राहिले आहे.

२०१८ चा हंगाम फिका गेला: तीन विजय, तीन पराभव, एक बरोबरी, आणि पाचवे स्थान. त्यानंतर बेक गोडार्ड क्लब सोडून गेल्या. अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या या प्रशिक्षिकेसाठी बाराही महिन्यांची, पूर्ण वेळेची जागा क्लबाच्या दप्तरी नव्हती, आणि त्या कॅनबेराला आपल्या पोलीस खात्यात परतल्या. ही घटना त्या काळी वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर संपली असेल. मला मात्र ती त्या आरंभीच्या वर्षांतील सर्वांत दुःखद गोष्टींपैकी एक वाटते. चषक काचेच्या कपाटात ठेवायला जागा होती, तो आणणारीला बसायला खुर्ची नव्हती.

नवे प्रशिक्षक मॅथ्यू क्लार्क यांच्या हाताखाली २०१९ चा हंगाम सुरू झाला तो एका गुणाच्या पराभवाने, वेस्टर्न बुलडॉग्जकडून. त्यानंतर हा संघ हरला नाही. डार्विनच्या स्टीव्ही-ली थॉम्पसनला बचावातून आघाडीवर आणले गेले आणि ती स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारी खेळाडू ठरली. उपांत्य लढतीत जीलाँगवर सहासष्ट गुणांनी मात करून ॲडलेडने अंतिम सामना आपल्याच नगरात, ॲडलेड ओव्हलवर खेचून आणला. महाराष्ट्रातील क्रिकेटरसिकांना हे मैदान निराळे सांगायला नको: १९४८ च्या जानेवारीत सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी ब्रॅडमनच्या संघापुढे दोन्ही डावांत, ११६ आणि १४५ अशी, शतके काढली आणि कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी १२३ धावा केल्या ते हेच मैदान. ३१ मार्च २०१९ रोजी, रविवारी, त्याच हिरवळीच्या भोवती त्रेपन्न हजार चौतीस माणसे जमली. महिलांच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सामन्याला तोपर्यंत कोठेही एवढी गर्दी झाली नव्हती. त्याआधीचा, २०१८ साली पर्थला झालेला, ४१,९७५ चा उच्चांक त्या दुपारी फार मागे पडला. तिकीट नव्हते हे खरे. परंतु मोफत आहे म्हणून माणूस घरची उन्हे सोडून तीन-तीन तास बसत नाही. आज्या होत्या, ज्यांच्या तरुणपणी हा खेळ भावांचा होता. वडिलांच्या खांद्यांवर निळ्या-तांबड्या-सोनेरी पट्ट्यांचे कपडे घातलेल्या मुली होत्या.

कार्लटनविरुद्ध ॲडलेडने दहा गोल केले. त्रेसष्ट विरुद्ध अठरा. परंतु त्या सामन्याचे जे चित्र लोकांनी जपले आहे ते गोलांचे नाही. तिसऱ्या डावात, निकाल जवळपास निश्चित झालेला असताना, कोणाचाही धक्का न लागता एरिन फिलिप्सचा डावा गुडघा वळला आणि ती कोसळली. गुडघ्यातील पुढचा स्नायुबंध तुटला होता. तिला झोळीवरून मैदानाबाहेर नेले जात असताना सारे प्रेक्षागार उभे राहून टाळ्या वाजवीत होते, आणि प्रतिस्पर्धी कार्लटनच्या मुलीही तिच्याजवळ येऊन धीर देऊन गेल्या. अर्ध्याहून थोडा अधिक सामना खेळूनही सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली, आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूही दुसऱ्यांदा तीच.

गुडघ्याच्या या दुखापतीबद्दल थांबून बोलले पाहिजे. हा स्नायुबंध तुटण्याचे प्रमाण स्त्री-खेळाडूंमध्ये पुरुषांपेक्षा पुष्कळ अधिक आहे, हे क्रीडावैद्यक अनेक खेळांतील अभ्यासांतून सांगत आले आहे. कारणांमध्ये शरीररचनेचा उल्लेख होतो, आणि तो असेलही. परंतु ज्या मुलीला तेराव्या वर्षानंतर उडी मारून कसे उतरावे, धावता धावता दिशा कशी बदलावी, याचे शिस्तशीर शिक्षणच मिळाले नाही, जिला दिवसाची नोकरी करून रात्री सराव करावा लागला, जिच्या सरावाचे तास करारानेच मोजून दिलेले, तिच्या स्नायूंना ती बळकटी यावी कोठून? शरीराला दोष देण्यापूर्वी व्यवस्थेकडे पाहावे, असे म्हणणाऱ्या संशोधकांची बाजू मला बळकट वाटते.

याहून गंभीर प्रश्न डोक्याच्या माराचा. २०२१ साली क्रोज पुन्हा अंतिम सामन्यात आले, पुन्हा ॲडलेड ओव्हलवर. परंतु कर्णधार चेल्सी रँडल मैदानाबाहेर बसून राहिली, कारण उपांत्य सामन्यात तिच्या डोक्याला मार बसला होता आणि अशा मारानंतर ठरावीक दिवस खेळू नये असा नियम आता कडकपणे पाळला जात होता. तिच्यावाचून ॲडलेड ब्रिस्बेनकडून अठरा गुणांनी हरले. नियमाने तिला चषकापासून दूर ठेवले, आणि नियम योग्य होता. तो किती योग्य होता ते पुढे दोनच वर्षांत कळले. २०१७ च्या पहिल्या विजेत्या संघात हेदर अँडरसन नावाची खेळाडू होती. तिच्या आईची दृष्टी अधू असल्याने एवढ्या खेळाडूंत आपली मुलगी कोणती ते आईला ओळखता यावे म्हणून ती भडक गुलाबी रंगाचे शिरस्त्राण घालून खेळत असे. त्या अंतिम सामन्यात खांद्याला झालेल्या दुखापतीने तिची मोठ्या स्पर्धेतील कारकीर्द आठ सामन्यांतच संपली. पुढे ती सैन्यात वैद्यकीय सेवेत होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ती वारली. तिच्या कुटुंबाने मेंदू संशोधनासाठी दिला, आणि २०२३ साली तपासणीअंती असे जाहीर झाले की, डोक्याला पुनःपुन्हा बसलेल्या मारांमुळे होणारा मेंदूचा तो ऱ्हासकारी विकार, ज्याचे निदान तोपर्यंत पुरुष मुष्टियोद्ध्यांत आणि फुटबॉलपटूंत होत आले होते, तो तिला जडलेला होता. व्यावसायिक स्त्री-खेळाडूमध्ये असे निदान होण्याची जगातील ही पहिली वेळ. लहानपणापासून ती वेगवेगळे फुटबॉल खेळत आली होती. कोणत्या माराने काय केले हे वेगळे काढता येत नाही. परंतु तिच्या कुटुंबाने स्वतःच्या दुःखातून हे ज्ञान जगाला दिले, आणि आज मैदानात उतरणारी प्रत्येक मुलगी त्यांची ऋणी आहे.

मधल्या २०२० सालच्या हंगामाबद्दल थोडक्यात सांगायचे तर, ॲडलेडचा संघ दुखापतींनी खिळखिळा झाला होता, आणि महामारीमुळे स्पर्धाच अर्ध्यात थांबून कोणालाही अजिंक्यपद दिले गेले नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये मात्र ॲडलेडने मेलबर्नला एकोणतीस विरुद्ध सोळा असे हरवून तिसरा चषक जिंकला. तीन अजिंक्यपदे मिळवणारा हा पहिलाच महिला संघ. त्या दिवशीची सर्वोत्तम खेळाडू ठरली ॲन हॅचर्ड, जी पहिल्या हंगामापासून संघात होती. फिलिप्सच्या एकटीच्या तेजावर हा संघ चालतो असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर होते. २०१७ साली पोरसवदा असलेल्या मारिनॉफ आणि हॅचर्ड आता संघाचा कणा झाल्या होत्या, आणि त्यांच्या आयुष्यात थेट शाळेपासून या मैदानापर्यंतची वाट, थोडी अरुंद का असेना, अखंड होती.

स्पर्धा दरम्यान वाढत गेली होती; त्याच वर्षी उरलेल्या चार क्लबांचे महिला संघही मैदानात उतरले आणि सर्व अठरा क्लब स्पर्धेत आले. त्यांत पोर्ट ॲडलेड होते. एरिन फिलिप्स सदतिसाव्या वर्षी वडिलांच्या क्लबाची पहिली महिला कर्णधार झाली. मुलगी म्हणून जो गणवेश तिला नाकारला गेला होता तो तिने अखेर घातला. सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस, एका शुक्रवारी रात्री, ॲडलेड ओव्हलवर या दोन नगरबंधू क्लबांच्या स्त्रिया प्रथमच एकमेकींसमोर आल्या. वीस हजारांवर प्रेक्षक होते. क्रोजच्या मुलींनी, ज्यांपैकी कितीतरींना फिलिप्सनेच आपल्या शेजारी उभे करून हा खेळ शिकवला होता, तिच्या नव्या संघाचा मोठ्या फरकाने पराभव केला.